वन्संना समुद्र दाखवायचाय!

मे महिना लागला की मुंबईतल्या घरांत पाहुण्यांचे फोन सुरू होतात. "पोरांना सुट्टी आहे, चार दिवस येऊन जावं म्हणते." आपणही "या की, त्यात काय विचारायचं!" म्हणतो आणि फोन ठेवल्यावर गाद्या किती, पाणी किती वाजता जातं याचा हिशेब मांडतो. २०२४ च्या मे महिन्यात माझ्या थोरल्या नणंदबाई बार्शीहून आमच्याकडे मुलुंडला आल्या. वय वर्षं छप्पन्न. लेकीचं, सुनेचं, सगळ्यांचं बाळंतपण निस्तरलं, पंढरपूर-तुळजापूर कित्येकदा झालं. पण समुद्र? तो एकदाही पाहिला नव्हता. "एकदा समुद्र तेवढा दाखव बाई," एवढंच त्यांचं मागणं होतं.

रविवार होता. आम्ही अगदी ठरलेला कार्यक्रम केला. सकाळी मॉल, दुपारी एका नटाच्या बंगल्यासमोर उन्हात उभं राहणं आणि संध्याकाळी चौपाटी. चौपाटीवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. वन्सं घोटाभर पाण्यात पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "अगं, जायचं कुठं गं इथं?" शोधलं. एक होतं ते कुलूपबंद आणि दुसऱ्याची अशी अवस्था की दारातूनच मागे फिरलो. मग कळलं, या भीतीनं वन्संनी सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. मे महिन्यात!

रात्री घरी आल्यावर मी विचारलं, "काय वन्सं, पाहिला समुद्र?" साडीच्या निऱ्यांतली वाळू झटकत त्या म्हणाल्या, "समुद्र कुठला, माणसंच पाहिली."

हे वाक्य मला लागलं. कारण गेली कित्येक वर्षं मी सगळ्याच पाहुण्यांना हीच मुंबई दाखवत आले होते. आणि मैत्रिणींनो, खरं सांगू का, मी स्वतःही दुसरी कुठली पाहिली नव्हती. वस्तीतल्या बायकांच्या बैठकांना म्हणून मी मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत सगळीकडे हिंडते. पण काम नसताना, देवदर्शन नसताना, खरेदी नसताना, नुसतं काही सुंदर बघायला म्हणून घराबाहेर पडलेली मला आठवत नाही. तुम्हाला आठवतंय?

त्याच आठवड्यात एक बातमी आली. सोमवारी रात्री घाटकोपरला, म्हणजे आमच्यापासून पाच स्टेशनांवर, रोहित पक्ष्यांच्या थव्याला उतरणाऱ्या विमानाची धडक बसली. जवळजवळ चाळीस पक्षी मेले, वस्तीत जागोजागी पडलेले सापडले. फोटो बघून वन्सं हळहळल्या. मग म्हणाल्या, "पण एवढे पक्षी इथं आहेत? मग काल-परवा दिसले कसे नाहीत?"

काय सांगणार? दिसतील अशा जागी आपण नेलंच नव्हतं. त्या दिवशी ठरवलं, उरलेल्या आठवड्यात वन्संना खरी मुंबई दाखवायची. झाडं, दगड, खाडी, समुद्र. खर्च म्हणाल तर मॉलमधल्या एका जेवणापेक्षा कमी आला.

दगडात कोरलेल्या पोढ्या

पहिल्यांदा गेलो बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. सोमवारी ते बंद असतं, हे आधी लक्षात ठेवा. नाहीतर पोराबाळांना घेऊन फाटकावरून परतावं लागतं. शहराच्या ऐन मध्यावर शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल आहे हे. एका बाजूला बोरिवली, दुसऱ्या बाजूला आमचं मुलुंड आणि ठाणं. पन्नासच्या आसपास बिबटे या टापूत राहतात आणि बहुतेक मुंबईकरांना ते आयुष्यात दिसत नाहीत. विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव याच डोंगरांत आहेत. १८६० मध्ये विहारचं पाणी नळानं आलं तेव्हा मुंबईला पहिल्यांदा शहराबाहेरचं पाणी मिळालं. जंगल राखलं म्हणून तलाव राहिले, ही साधी गोष्ट आपण नळ सोडताना विसरतो.

आत कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून जास्त. मला वाटलं होतं, वन्सं बुद्धाच्या उंच मूर्तीसमोर रेंगाळतील. हात जोडले त्यांनी, पण रेंगाळल्या त्या पाण्याच्या टाक्यांपाशी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या तोंडाशी कातळात खोदलेलं टाकं आहे. पोढी म्हणत त्याला. डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी दगडातल्या पन्हळींवरून बरोबर या टाक्यांत उतरतं. दोन हजार वर्षांपूर्वीचे भिक्षू त्यावर वर्ष काढत. ज्या बाईनं बार्शीच्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघत रात्री जागवल्यात, तिला त्या टाक्याची किंमत लेणी अभ्यासणाऱ्यांपेक्षा लवकर कळली. "हे डोकं आपल्याकडं कुणी लावलं असतं तर!" एवढंच त्या बोलल्या.

तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, सोनार आहेत, तशा भिक्षुणी आणि घरसंसार करणाऱ्या बायकाही आहेत. हे ऐकून वन्संना जो आनंद झाला तो मॉलच्या सरकत्या जिन्यावर काही झाला नव्हता.

येताना वाटेच्या दोन्ही बाजूंना झुडपं दाटीनं उभी होती. त्या म्हणजे कारवी. दर आठ वर्षांनी एकदाच फुलते. २०१६ मध्ये फुलली होती, आता यंदा पावसानंतर फुलेल, असं मी सांगितलं. "म्हणजे मी गेल्यावर!" वन्सं म्हणाल्या. त्याबद्दल शेवटी सांगते.

पाट्या-वरवंट्याचा डोंगर

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. मुलुंडहून लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं अंधेरी आणि पुढे रिक्षानं गिल्बर्ट हिल. अंधेरीत जन्म गेलेल्या बायकांनीही हे नाव ऐकलेलं नसतं. इमारतींच्या आणि झोपड्यांच्या दाटीत सुमारे दोनशे फूट उंचीचा काळाभोर कडा सरळ उभा आहे. जवळ गेलं की दिसतं, तो एकसंध नाही. उभे खांब एकाला एक चिकटवून ठेवावेत तशी त्याची घडण आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा वर आला. तो हळूहळू निवताना आक्रसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या. आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात ना, अगदी तशा. असे खांब जगात फार थोड्या ठिकाणी इतके उंच उभे आहेत. अमेरिकेत 'डेव्हिल्स टॉवर' नावाचा असाच एक कडा आहे. तिथं राष्ट्रीय स्मारक आहे, लांबून लांबून लोक येतात. आपल्याकडे पूर्वी याच्या आजूबाजूला दगडाच्या खाणी चालल्या. वारसास्थळाचा दर्जा मिळायला २००७ साल उजाडलं.

वर गावदेवीचं देऊळ आहे. पायऱ्या चढताना वन्सं दगडावरून हात फिरवत होत्या. "हा तर आपल्या पाट्या-वरवंट्याचा दगड!" बरोबरच होतं त्यांचं. त्याच लाव्हाचे थर पार सोलापूर, मराठवाडा, विदर्भापर्यंत पसरले आहेत. ज्या जात्यावर आपल्या आज्यांनी दळलं, तो दगड आणि अंधेरीचा हा डोंगर एकाच जातकुळीचे. तुमच्या गावाच्या टेकडीतही तो असेल. बघा कधी.

कालनिर्णयातली ओहोटी

पौर्णिमेचा दिवस मी मुद्दाम निवडला होता. समुद्राला जाताना आपण सुट्टी बघतो, ऊन बघतो, पण भरती-ओहोटी बघत नाही. खरं तर ती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावरच असते. आमच्या वेसाव्याच्या ओळखीच्या कोळीणमावशींनी मला ही युक्ती शिकवली. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल तो भरतीचा अंदाजे वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या आसपास, ओहोटी. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी खूप आत गेलेलं असतं. ही उधाणाची तिथी. भरतीही मोठी, ओहोटीही मोठी. अष्टमीच्या आसपास असतो तो भांग, तेव्हा पाणी फारसं हलत नाही. उपासामुळे तिथ्या तोंडपाठ असलेल्या आपल्या बायकांना हे गणित अवघड नाही. मात्र हा अंदाज आहे, मिनिटाचा भरवसा त्यावर ठेवू नये.

संध्याकाळी जुहूला, गर्दीपासून लांब, खडकाळ टोकाला गेलो. पाणी उतरलं होतं आणि खडकांच्या खळग्यांतून अडकून राहिलं होतं. त्या खळग्यांत काय नव्हतं! पाकळ्या उघडून बसलेली समुद्रफुलं, बोटानं पाणी हललं तरी मिटणारी. रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटून चालणारा इवलासा खेकडा. खडकाला चिकटलेली कालवं आणि ती काढत बसलेल्या दोन बायका. नशीब असेल तर इथं ऑक्टोपससुद्धा दिसतो म्हणतात. २०१७ पासून मुंबईतली काही तरुण मंडळी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमात लोकांना असं किनाऱ्यावर फिरवून हे सगळं दाखवतात. काही उचलायचं नाही, दगड उलटायचा नाही, फक्त बघायचं, हा त्यांचा नियम. वन्संनी पदर खोचला आणि तासभर त्या खळग्यातून त्या खळग्याकडे फिरत होत्या. छप्पन्न वर्षांची बाई शाळेतल्या मुलीसारखी "अगं हे बघ, अगं हे बघ" म्हणत होती.

वेसाव्याचा किनारा इथून जवळच. तिथला कचरा कमरेएवढा साचला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या तरुण वकिलानं तो उचलायला सुरुवात केली, मग लोक येत गेले. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. कोकणात वेळासला कासवांची पिल्लं बघायला लोक मुंबईहून जातात. इथं ती मुंबईतच आली होती. नुसता केर काढला आणि पाहुणे परतले, एवढीच ती गोष्ट.

आणखी एक, जरा दरडावून सांगते. समुद्र काही खेळणं नाही. मालाडच्या आक्सा किनाऱ्यावर आजवर कितीतरी माणसं बुडाली, त्यांत चांगलं पोहणारेही होते. वाळू सपाट दिसते, पण पाण्याखाली खड्डे असतात आणि मागे फिरणारं पाणी पाय ओढतं. जीवरक्षकानं लाल झेंडा लावला असेल तर आपल्या घरच्या पुरुषांनाही थांबवा. "काही होत नाही" असं म्हणणाऱ्याचंच काहीतरी होतं. पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे 'ब्लू बॉटल' किनाऱ्याला लागतात, त्यांचा दंश फार झोंबतो. मुलांना हात लावू देऊ नका. आणि ओहोटीत खडकावर गेलात तर पाणी फिरायच्या आत परता.

पुलावरून टाकलेली पिशवी

शेवटी खाडी. मुलुंडहून पुलापलीकडे गेलं की ऐरोली. तिथं वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. भरतीच्या वेळेनुसार तिथून बोटी सुटतात, म्हणून आधी चौकशी करून, जागा राखून जावं. नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत हजारो रोहित इथं असतात. बरेचसे कच्छकडून येतात. खाडीतल्या शेवाळात आणि बारीक जीवांत जो रंग असतो तो खाऊन त्यांचे पंख गुलाबी होतात. २०१५ मध्ये या खाडीला अभयारण्य केलं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, तिचं नाव गेलं.

बोट तिवरांच्या कडेनं जाते. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली ती त्यांची श्वास घेणारी मुळं. पान चाटून बघा, खारट लागतं, कारण झाड जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. काही जातींचं बी झाडावरच रुजतं, लांबट कोंब फुटला की मगच खाली चिखलात सुटतं. बोटवाल्यानं हे सांगताच वन्सं म्हणाल्या, "म्हणजे लेक कर्ती झाल्याशिवाय आई सासरी धाडत नाही. आपल्याला सोळाव्या वर्षी धाडलं." बोटीतल्या सगळ्या बायका हसल्या. मग जरा गप्पही झाल्या.

२६ जुलै २००५ ला सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री कुणाचा नवरा, कुणाची मुलगी कुठल्या छपरावर अडकली होती, हे इथली प्रत्येक बाई आजही सांगेल. मिठी नदीच्या तोंडची तिवरं तोडून भराव घातला, पाण्याला जागा उरली नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. त्याच वर्षी उच्च न्यायालयानं तिवरतोडीवर बंदी आणली. तरी रात्रीतून मातीचे ट्रक खाली होतातच.

पण ट्रकवाल्यांना बोल लावण्याआधी माझी एक गोष्ट कबूल करते. बोट पुलाखाली आली तेव्हा तिवरांच्या मुळांत प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसल्या. एक फाटली होती. आत झेंडूच्या माळा, नारळाची शेंडी, फ्रेम केलेला देवाचा फोटो. मी मान फिरवली. कारण कितीतरी गणपती-नवरात्रांनंतर रिक्षा थांबवून, हात जोडून, याच पुलावरून अशीच पिशवी मीही सोडली आहे. वाटायचं, पाण्यात सोडलं की पुण्य. ते कुठं जाऊन बसतं, हे बघायला मी कधी खाली आलेच नव्हते.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण जे पाहत नाही ते आपल्याला राखता येत नाही. वरून पिशवी टाकणारीला खाली झाड आहे हे माहीतच नसतं. नंतर आम्ही वस्तीतल्या बावीस जणींना खाडीवर नेलं. धुणीभांडी करणाऱ्या, खाडीपासून जेमतेम किलोमीटरवर वीस-वीस वर्षं राहणाऱ्या. एकीनंही रोहित जवळून पाहिला नव्हता. आता त्याच बायका निर्माल्य गोळा करून कुंडीत त्याचं खत करतात. भाषणं मी आधीही दिली होती, त्यांचा उपयोग झाला नव्हता. बोटीचा झाला.

काही जणी म्हणतील, पोटापाण्याची भ्रांत आहे तिथं ही कसली थेरं? मलाही पूर्वी असंच वाटायचं. पण घरातले पुरुष नाक्यावर, पारावर, नदीवर नुसते बसायला जातात तेव्हा त्याला कुणी थेरं म्हणत नाही. बाईनं घराबाहेर पडायला मात्र कारण लागतं. आणि कारण मिळालं तरी पाणी न पिता पडावं लागतं! ज्यांच्याकडे हे किनारे नि उद्यानं सांभाळायचं काम आहे त्यांना माझं सांगणं आहे, की रोषणाई आणि सेल्फीच्या जागा नंतर करा. आधी दर किनाऱ्यावर बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं, उघडं राहणारं स्वच्छतागृह द्या. भरती-ओहोटीच्या वेळांचा मराठीतला फलक लावा. मग बघा बायका येतात की नाही.

आणि तुम्ही, ज्या बार्शीत, कारंज्यात, चाळीसगावात हे वाचताय, मुंबईला नातलगांकडे याल तेव्हा हट्ट धरा. "मॉल नको, आम्हाला खाडी दाखवा" म्हणा. त्यानिमित्तानं आम्हा मुंबईकरणींनाही ती दिसेल. आणि तुमच्या गावाबाहेर जो तलाव, जी टेकडी, जी नदी आहे, तिच्याकडे एकदा काम नसताना जा. शेजारणीला घेऊन जा.

त्या वर्षी पावसानंतर बोरिवलीत कारवी फुलली. डोंगरउतार जांभळे झाले. मी फोन करून सांगितलं तेव्हा वन्सं थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "पुढची कधी गं?"

"दोन हजार बत्तीस."

"म्हणजे मी चौसष्टची. गुडघे राहिले तर येते."

"या वन्सं. गादी घालून ठेवते."

जंगल आहे तसं राखून ठेवायचं, हे मात्र मी त्यांना फोनवर बोलले नाही. ते आमचं इथल्या बायकांचं काम आहे.